टेमगिरे आबांची फक्की

मी हल्ली रोज सकाळी चालायला जातो. गाडीनं जातो. दौंडला आमच्या घरापासून मैदान फार तर सातशे पावलांवर असेल, पण डॉक्टरांनी मैदानात चालायला सांगितलंय, मैदानापर्यंत नाही. गाडी झाडाखाली लावायची, पाच फेऱ्या मारायच्या, परत गाडीत बसायचं आणि येताना वडापाव घ्यायचा. माझ्यासारखे आणखी दहा-बाराजण येतात. मैदानात आता चालायला जागा कमी आणि गाड्या जास्त अशी परिस्थिती आहे. तिथं गाडी लावताना मला टेमगिरे आबांची आठवण होते, आणि इकडंतिकडं बघून मी पटकन दार लावून घेतो. न जाणो, कुठून तरी पुढ्यात यायचे.

शिरूर तालुक्यातल्या एमआयडीसीत एका कंपनीत मी स्टोअरला होतो. आबा मशीन शॉपला ऑपरेटर. कंपनी उभी राहिली ती ज्या जमिनींवर, त्यातली काही आबांची. त्या बदल्यात त्यांना नोकरी मिळाली होती. "माझ्या हिरीवर पेंट शॉप हाय," असं ते नव्या माणसाला पहिल्या भेटीतच सांगायचे, आणि तो माणूस कसनुसं हसायचा. जमिनी गेल्यावर वाडीतल्या बाकीच्यांनी मोठमोठ्या काळ्या गाड्या घेतल्या, मागच्या काचेवर आईवडिलांचा आशीर्वाद लिहून घेतला आणि त्या गाड्या लावायला जागा नाही म्हणून रस्त्यावर लावल्या. आबांनी जुन्या सायकलला नवे टायर टाकले. त्यावर गाव हसलं. आबा म्हणाले, "जमीन गेली ती गेली. आता जमिनीवर पाय ठिवायचंबी सोडू का?"

इथपर्यंत ठीक होतं. सायकलवर येणारा माणूस कुणाला त्रास देत नाही. पण आबांना एकट्यानं सायकलवर येऊन समाधान नव्हतं. अख्ख्या कंपनीनं यावं असं त्यांना वाटायचं. पहिली पाळी सुरू व्हायच्या आधी ते पार्किंगच्या तोंडाशी उभे राहायचे आणि एकेकाला धरायचे.

"काय रं, किती लांबनं आला?"

"वाडीतनं, आबा."

"म्हंजी दीड किलोमीटर. बुलेटवर. आन् ही दंडं कशानं फुगली?"

"जिमला जातो ना संध्याकाळी."

"तिथं काय करतो?"

"वेट मारतो. सायकल चालवतो."

"सायकल? कुटपत्तुर जाती ती?"

"कुठंच नाही. जागेवरची असती."

"म्हंजी पैसं भरून कुटंच न जाणाऱ्या सायकलीवर बसायचं, आन् जाणारी घरी गंजवायची. शाब्बास. जा, थंब मार, उशीर व्हईल."

तो पोरगा हसत जायचा, पण दुसऱ्या दिवशी मागच्या गेटनं यायचा. वर्षभरात मागच्या गेटला इतकी गर्दी व्हायला लागली, की कंपनीनं तिथं दुसरा सिक्युरिटी नेमला.

सिक्युरिटीचंही एक होतं. गेटवर रजिस्टर असायचं. नाव, टोकन नंबर, गाडी नंबर. पहिल्याच दिवशी बिहारच्या गार्डनं आबांना अडवलं.

"गाडी नंबर बोलो."

"सायकल हाय बाबा."

"नंबर तो लिखना पडेगा. खाली नहीं छोड़ सकता."

आबांनी सायकलकडं बघितलं. "बावीस," ते म्हणाले. बावीस इंची सायकल. गार्डनं शांतपणे 'बावीस' लिहिलं. पुढं चार वर्षं रोज त्या रकान्यात बावीसच लिहिलं गेलं. मग पुण्याहून एक ऑडिटर आला. आरटीओकडं नोंद नसलेलं एक वाहन रोज आवारात शिरतं, हे त्यानं बरोबर पकडलं. आबांना लेखी खुलासा द्यावा लागला. खुलाशात त्यांनी लिहिलं, 'सदर वाहनास इंजिन नसल्याने ते मीच आहे.'

उपदेशाला त्यांना जागा-वेळ लागायची नाही. वाडीतले एक तात्या साखरेच्या आजारानं गेले. स्मशानात सगळे माना घालून उभे. आबा हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तात्या चालले असते तर अजून चालले असते." कुणीतरी दटावलं, "आबा, निदान इथं तरी." तर म्हणाले, "मग कुटं सांगू? इथंच तर समदे पायी आलेत. त्येबी खांदा द्यायचा म्हणून." तात्यांचा मुलगा दोन वर्षं त्यांच्याशी बोलला नाही. मला विचाराल तर त्याचं बरोबर होतं.

आणि घरात? घरात शोभाकाकी. आबांच्या पत्नी. त्यांच्याकडं लाल स्कूटी होती. आबा आठवड्यातून तीनदा डबा विसरायचे. काकी मागून स्कूटीवर निघायच्या, रस्त्यात आबांना हॉर्न वाजवून मागं टाकायच्या आणि गेटवर डबा ठेवून, गार्डशी दोन शब्द बोलून परतही निघायच्या. जाताना परत समोरून हॉर्न. "गावाला ज्ञान वाटायला हे, आन् डबा द्यायला मी," असं त्या म्हणायच्या. हे सगळ्यांदेखत व्हायचं. आबा म्हणायचे, "तिची तिला अक्कल हाय." काकींना उपदेश करायची त्यांची छाती नव्हती.

मग कंपनीत पर्यावरण सप्ताह आला. एचआरच्या मॅडम पुण्याहून रोज एकट्या एका मोठ्या गाडीतून यायच्या. त्यांना कुणीतरी आबांबद्दल सांगितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. आठ दिवसांत गेटवर आबांचा आठ फुटी फोटो लागला. 'आमचा हरित योद्धा.' फोटोत पायांपासून डोक्यापर्यंत सगळे आबा होते, फक्त सायकल त्यांची नव्हती. त्यांची बरी दिसत नाही म्हणून कॉम्प्युटरवर गिअरची परदेशी सायकल चिकटवली होती. आबा फोटोसमोर जाऊन उभे राहिले. "बसलोय मी झ्याक," म्हणाले, "पण हिचं शीट माझ्या ढुंगणाच्या वर हाय."

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी सायकल रॅली. चाळीस सायकली भाड्यानं आणल्या, त्या टेम्पोतून आल्या. पाहुणे गाड्यांतून आले. मांडव टाकायला सपाट जागा हवी म्हणून सायकल स्टँड काढून टाकला, त्यामुळं हरित योद्ध्याला स्वतःची सायकल गेटबाहेर रसवंतीच्या गुऱ्हाळाला टेकवून आत यावं लागलं. रॅली गेटपासून झेंड्याच्या खांबापर्यंत गेली. मी धरून तिघांना तेवढ्यातही धाप लागली. मग बक्षीस. आबांना शाल, नारळ आणि एक पाकीट. पाकिटात पेट्रोलचं कूपन होतं. दरवर्षी आदर्श कामगाराला तेच देतात. ते बदलायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, एवढंच.

आबांनी ते परत केलं नाही. संध्याकाळी ते पंपावर गेले, रांगेत उभे राहिले, नंबर आल्यावर कूपन पुढं केलं आणि म्हणाले, "दोन्ही चाकात हवा भर."

"आबा, हवा फुकट असती."

"मग ह्ये तुला ठिव. कुणाची गाडी बंद पडली रस्त्यात तर दे."

हे मी स्वतः पाहिलं, कारण रांगेत त्यांच्या मागं माझी गाडी होती.

या सगळ्या वर्षांत आबांचं ऐकून खरोखर सायकलवर आलेलं माणूस एकच. लताबाई. कँटीनमध्ये पोळ्या लाटायच्या, वय पंचेचाळीसच्या पुढं, तोंडानं फटकळ. त्यांच्या घरापासून कंपनी चार किलोमीटर. रोज वडापच्या, माणसं कोंबून भरलेल्या जीपमध्ये, एका मांडीवर बसून यायच्या. आबांनी त्यांना एकदाच विचारलं आणि त्या लगेच म्हणाल्या, "शिकवा की मग. नुसतं तोंड काय चालवता?"

त्यांच्या मुलीला शाळेत असताना मिळालेली सायकल, मुलीचं लग्न होऊन गेल्यावर गोठ्यात पडून होती. ती आबांनी दुरुस्त केली. जेवणाच्या सुट्टीत पार्किंगमध्ये शिकवणी सुरू झाली. साडीचा काचा मारून लताबाई सायकलवर, आबा मागं कॅरिअर धरून पळतायत, आणि निम्मी कंपनी मोबाईल काढून उभी. पहिल्या दिवशी त्या प्लांट हेडच्या गाडीवर जाऊन धडकल्या. दुसऱ्या दिवशी बघ्यांवर. ते मुद्दाम होतं असं माझं मत आहे. आठव्या दिवशी आबांनी कॅरिअर सोडलं ते त्यांना कळलंच नाही. वळून येताना कळलं, तेव्हा अशा काही ओरडल्या की मशीन शॉपमधून माणसं बाहेर आली.

दीड महिना त्या सायकलवर आल्या. एकदा मी स्टोअरचा चहा आणायला गेलो होतो, तेव्हा पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "जीपवाला निघ म्हणंल तवा निघायचं, सरक म्हणंल तवा सरकायचं. आता माझी मी. वाटंत चिघळीची भाजी दिसली, उतरले, घेतली. कुणाला इचारायचं न्हाई." नवऱ्याला पंचवीस वर्षांत जे जमलं नाही ते या सायकलनं केलं, असंही पुढं काहीतरी म्हणाल्या.

हंगाम सुरू झाला आणि रस्त्यावर ऊस आला. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, वर कानठळ्या बसवणारी गाणी. आमच्या त्या रस्त्याची साइडपट्टी, म्हणजे डांबराच्या कडेची मातीची पट्टी, फक्त कागदावर होती. प्रत्यक्षात तिथं कुणाची टपरी, कुणाच्या हॉटेलाची टेबलं, खडीचा ढीग, वाढदिवसाचे बोर्ड आणि उभ्या केलेल्या गाड्या. जिथं हे काही नव्हतं तिथं डांबराची कड वीतभर उंच आणि खाली पाण्याची चारी. सकाळी साडेसातला एका वळणावर ट्रॉलीनं लताबाईंना दाबलं. त्या कडेवरून खाली गेल्या. ट्रॅक्टरवाल्याला गाण्यात काही कळलं नाही; त्यानं थांबायचा प्रश्नच नव्हता.

दहा मिनिटांनी मागून आबा आले. त्यांनीच त्यांना चारीतून वर काढलं. हात केला तर चार मोठ्या काळ्या गाड्या न थांबता गेल्या, पाचवी वडापची जीप होती, ती थांबली. नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं.

तिसऱ्या दिवशी लताबाईंचे यजमान गेटवर आले आणि पाळी सुटायच्या वेळेला, सगळ्यांसमोर, आबांना नाही नाही ते बोलले. आबा खाली बघून उभे होते. आम्ही मागं उभे होतो. मीपण. एकजण म्हणाला, "आम्ही आधीच म्हणत होतो." हा तोच, ज्यानं सगळ्यात जास्त व्हिडिओ काढले होते. त्याच संध्याकाळी आठ फुटी हरित योद्धा गेटवरून उतरवला गेला आणि सूचना लागली: कामगारांनी सायकलचा वापर स्वतःच्या जबाबदारीवर करावा.

आबा लताबाईंना भेटायला निघाले तेव्हा मला म्हणाले, "दौंडकर, तू ये संगं." मी गाडीनं पुढं जाऊन थांबलो, ते मागून चालत आले. त्या दिवशी सायकल घेतली नव्हती. घरात शिरून ते दाराशीच बसले. लताबाई खाटेवर, पाय प्लास्टरमध्ये.

"माझं चुकलं," आबा म्हणाले.

"व्हय, चुकलं," लताबाई म्हणाल्या. मला वाटलं होतं त्या नाही म्हणतील. "सायकल शिकवली त्ये न्हाई चुकलं. तुम्ही समद्यांना सांगत फिरता, सायकलवर या, चालत या. कुटनं या? त्ये कधी सांगितलं का? गाडीवाल्याला रस्ता हाय. बैलाला बांध हाय. चालणाऱ्याला काय हाय? आधी त्ये बघा, मग सांगा लोकांला."

आबांनी चहा घेतला नाही. परत येताना गाडीत बसा म्हटलं तर बसले नाहीत. पुढचा महिनाभर ते पार्किंगच्या तोंडाशी उभे राहिले नाहीत. मागचं गेट ओस पडलं. खरं सांगायचं तर आम्हाला बरं वाटलं. आणि मग चार दिवसांनी करमेना.

एका बुधवारी ते स्टोअरच्या खिडकीशी आले. "तीस मीटरचा टेप दे."

"कशाला, आबा?"

"रस्ता मोजायचाय."

आमच्याकडं साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. त्या गुरुवारी सकाळी आबांनी सायकलवर फक्कीचं पोतं आणलं. खो-खोच्या मैदानावर रेघा मारतात ती पांढरी पूड. डांबराच्या कडेपासून दोन ढांगा मोजायच्या, दोरी ताणायची आणि दोरीवरून फक्की सोडायची. मी दोरीचं दुसरं टोक धरलं. सावलीत उभं राहून जेवढं धरता येईल तेवढं. त्यांचं म्हणणं साधं होतं: रेघेच्या आत काही ठेवू नका, एवढी दोन ढांगा जागा माणसांना द्या. हे ते प्रत्येक टपरीवाल्याला सांगणार होते. सांगायची वेळच आली नाही.

आमच्या भागात रस्त्याकडेला कुणी टेप धरला आणि पांढरी रेघ मारली, की त्याचा अर्थ एकच: रुंदीकरण आलं. दुपारपर्यंत गावभर झालं, मोजणी सुरू आहे. हॉटेलवाल्यानं टेबलं मागं ओढली. टपऱ्या उचलून रेघेपलीकडं गेल्या, कारण अतिक्रमणात धरलं तर मोबदला मिळत नाही. एकानं रेघेच्या पलीकडं घाईघाईनं वीस डाळिंबाची रोपं लावली आणि पत्र्याचं शेड उभं केलं. बाधित होताना निदान फळबागायतदार म्हणून तरी व्हावं. लोक आबांना गाठायला लागले.

"आबा, किती जातंय?"

"दोन ढांगा."

"आन् मोबदला?"

"चालायला मिळंल."

"ते झालं हो. दर काय?"

आबा खोटं एक अक्षर बोलले नाहीत. पण खरं बोलणाऱ्या माणसाकडं काहीतरी आतली बातमी असणार, याबद्दल गावाची खात्री होती.

तीन आठवडे ती पट्टी मोकळी राहिली. आबा दर गुरुवारी रेघ ताजी करत, फावड्यानं खड्डे बुजवत. शाळेच्या मुली आधी एकामागं एक जायच्या, त्या दोघी-दोघी बोलत जायला लागल्या. दुधाच्या किटल्या घेऊन म्हातारी माणसं चालताना दिसायला लागली. ती आधी कुठून जात होती कोण जाणे.

मग माजी सरपंचांनी बोलावणं धाडलं. ते आबांना उभंच ठेवून म्हणाले, "कुणाच्या ऑर्डरनं लाईन मारली?"

"लताबायच्या."

"ह्या कोण? बांधकाम खात्याच्या का?"

"न्हाई. कँटीनमदी पोळ्या लाटत्यात."

सरपंचांनी केस करायची धमकी दिली. गावाला कळलं की मोजणी वगैरे काही नाही, आणि दोन दिवसांत हॉटेलाची टेबलं जागेवर यायला लागली. पण तोवर बायकांना त्या पट्टीची सवय झाली होती. लताबाई काठी टेकत पहिल्यांदाच घराबाहेर पडल्या त्या थेट हॉटेलात गेल्या आणि पट्टीवरच्या पहिल्या टेबलावर पाय पसरून बसल्या. "रस्ता मोकळा झाला की उठते," म्हणाल्या. त्यांच्यामागं शाळेच्या मुलींच्या आया आल्या. चहा कुणीच घेईना. टेबलं पुन्हा मागं गेली.

निवडणूक जवळ होती. माजी सरपंचांना या बायका मतदार असल्याचं अचानक लक्षात आलं. महिन्याभरात मुरूम पडला, रोलर फिरला, खऱ्या रंगाची पट्टी आली आणि 'यांच्या अथक प्रयत्नांतून' असा बोर्ड लागला. उद्घाटनाला आलेल्या गाड्या पट्टीवरच उभ्या केल्या होत्या. पट्टी दीड किलोमीटर जाऊन थांबली. पुढं सरपंचांच्या फार्महाऊसची भिंत होती, आणि ती भिंतच साइडपट्टीत बांधलेली होती.

त्यानंतर मी नोकरी सोडून दौंडला परत आलो. आबा निवृत्त झाल्याचं कानावर आलं.

मागच्या उन्हाळ्यात एका लग्नाला शिरूरकडं निघालो होतो. त्या भिंतीच्या अलीकडं फोन आला म्हणून गाडी कडेला घेतली. बोलतोय तोच बॉनेटवर थाप पडली. बघतो तर एक स्कूटर. चालवणाऱ्या लताबाई, आणि मागं, मांडीवर चुन्याची बादली धरून, आबा.

मला हसू आवरेना. "आबा! तुम्ही आन् गाडीवर?"

"गुडघं गेलं," ते म्हणाले. जराही वरमले नव्हते. "गाडी जाळा असं मी कवा म्हणलं? वाट सोडा म्हणलं. तू पट्टीवर हायेस, दौंडकर. मागं घे."

"शिकवायला ह्यांनी, आन् फिरवायला मी," लताबाई म्हणाल्या. "घ्या हो गाडी मागं, ऊन व्हतंय."

मी गाडी मागं घेतली. माझ्या बॉनेटपुढं खोळंबलेल्या दोन बायका डोक्यावरचे भारे सावरत निघून गेल्या. स्कूटर भिंतीपाशी थांबली. आबा उतरले, गुडघ्यावर हात देऊन सरळ झाले आणि जिथं पट्टी संपत होती तिथून, लांब दांड्याच्या ब्रशनं, तिची रेघ तशीच पुढं न्यायला लागले. भिंत आडवी आली तर भिंतीवर. रेघ भिंतीवर उभी चढायला लागली तसा आतून वॉचमन ओरडत बाहेर आला, "ओ बाबा, काय चाललंय? मालक बघतील ना!"

आबांनी मागं वळून बघितलं आणि चुन्याची बादली त्याच्यापुढं केली. "धर जरा," म्हणाले, "मला वाकता येत न्हाई."

त्यानं धरली.